‘ट्रेस गॅस’ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: भाषांतरात अडलेय. विषय ‘फोटोअकूस्टिक ट्रेस गॅस सेन्सिंग’, म्हणजे अत्यल्प वायू आवाजावरून ओळखणं. लेझरचा किरण भराभर चालू-बंद करत वायूतून सोडतात. वायू तो शोषतो, तापून फुगतो, निवतो, पुन्हा फुगतो. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा मायक्रोफोन टिपतो. इथवर मराठी धावून आली. पण ‘ट्रेस गॅस’? शंभर कोटी रेणूंत एखाद-दुसरा रेणू असला तरी पकडायचा असतो. मी ‘लवलेश वायू’ लिहिलं, संपादकांनी काट मारली.

जुनी वही: बरोबरच मारली. लवलेश ‘नाही’शिवाय घराबाहेर पडत नाही. मागमूसही तसाच. तुमचा वायू तर आहे!

अर्धविराम: अरेच्चा, खरंच की. ‘लेशमात्र’सुद्धा बहुतेक शंकेपुरताच, आणि तीही नसते.

शुद्धमती: ‘सूक्ष्ममात्रिक वायू’ आणि ‘प्रकाशध्वनिक संवेदन’. संस्कृतात सगळं आहे, वापरायची लाज वाटते एवढंच.

जुनी वही: लाज नाही, धाप लागते.

खटपट्या: प्रयोगशाळेत आम्ही ‘ट्रेस’च म्हणतो. पण ‘सेन्सिंग’ला ‘चाहूल’ घ्या ना! कानानंच तर ओळखायचं आहे. १८८० मध्ये टेलिफोनवाल्या बेलनं खंडित सूर्यप्रकाश पातळ चकत्यांवर पाडून आवाज ऐकला, तेव्हापासून हा कानाचाच खेळ आहे. आमचा पहिला सिग्नल झकास आला होता. पेढे वाटायचेच बाकी होते. मग लक्षात आलं, पात्रात वायू भरलेलाच नाही. किरण आत सोडायची पात्राची काचेची खिडकीच तापत होती. सर म्हणाले, “खिडकी बोलतेय.”

जुनी वही: म्हणजे चाहूल नव्हे, हूल! माझ्या मते चाहूल म्हणजे ‘चाल’ अधिक ‘हूल’.

शुद्धमती: या घरगुती व्युत्पत्तीला आधार?

जुनी वही: त्यांची खिडकी.

अर्धविराम: पुढचं वाक्य: ‘२००२ मध्ये मायक्रोफोनऐवजी घड्याळातला क्वार्ट्झचा काटा वापरला.’ ठीक?

खटपट्या: घात! वाचकाला तासकाटा दिसेल. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा चिमुकला दुपायी तुकडा असतो. मूळ शब्द ‘ट्यूनिंग फोर्क’ ना? नादकाटा लिहा, शाळेत होताच.

शुद्धमती: नादकाट्यात काटा कुठाय? ‘स्वरित्र’ म्हणा.

जुनी वही: ते हिंदीत.

अर्धविराम: आणि ‘ट्रेस’चं काय ठरलं? मजकूर उद्या द्यायचाय.

जुनी वही: थांबा हो. शुद्धमती, जेवायच्या काट्यालाही काटाच म्हणता ना? आकार बघा की त्याचा.