सोलापूरहून गणपतीपुळ्याला: मुलांना समुद्रात कधी आणि कुठवर न्यावे?

स्मिता, सोलापूर
भाऊबीज आटोपून आम्ही विनायकी चतुर्थीला गणपतीपुळ्यास पोहोचत आहोत. सोबत ६ आणि १० वर्षांची मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई आहेत. थोरला तलावात चांगला पोहतो; मात्र समुद्राची सवय आमच्यापैकी कोणालाही नाही. देवदर्शनानंतर मुलांना पाण्यात कोणत्या वेळी न्यावे आणि कुठवर, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दिगंबर, रत्नागिरी (मूळचा सोलापूरचा)
स्मिताताई, तुम्ही तिथी कळवलीत, म्हणून वेळ काढता येते. किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात: ४ ची पाऊणपट ३, म्हणजे चतुर्थीला ३ च्या सुमारास पूर्ण भरती आणि ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी, दिवसा आणि रात्रीही. हा ठोकताळा असल्यामुळे तक्त्यावरून आणि तिथल्या जीवरक्षकांकडून पडताळून घ्यावा. बहुतेक कुटुंबे ऊन उतरल्यावर ५ वाजता पाण्यात शिरतात आणि नेमके तेव्हाच पाणी मागे ओढत असते. म्हणून मुलांना सकाळी १० नंतर, भरती चढत असताना न्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण या किनाऱ्यावर बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. फुटणाऱ्या लाटांच्या फेसाळ पट्ट्यांमध्ये एखादी जागा शांत, सपाट दिसते. एकरुख तलाव पाहत वाढलेल्या आपल्या माणसांना शांत पाणी सुरक्षित वाटते, परंतु किनाऱ्याला आलेले पाणी बहुधा अशाच जागेतून वेगाने समुद्रात परतते. त्या ओढीत कोणी सापडल्यास तिच्याविरुद्ध हातपाय मारून दमू नये. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर सरकावे आणि ओढ संपल्यावर लाटांबरोबर बाहेर यावे. वाचवण्यासाठी घरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि जीवरक्षकांना हाक मारावी.

नसीमा, सोलापूर
मी मुलांना पोहायला शिकवते आणि मला काळजी तुमच्या थोरल्याचीच अधिक वाटते. तलावात दमलेल्या मुलाला कठडा धरता येतो, समुद्रात तो नसतो. धाकट्याला घोट्यापर्यंत आणि थोरल्याला गुडघ्यापर्यंतच जाऊ द्यावे. हाताच्या अंतरावर, मुलाच्या समुद्राकडील बाजूस एक मोठे माणूस उभे असावे आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. हवा भरलेली रिंग नेऊ नये. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा रिंगेतले मूल पाहता पाहता आत जाते.

सासूबाईंना सावलीत बसवावे. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, तिथल्या दमट हवेत तो वाळत नाही आणि अंग तापत राहते. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे देत राहावे.

स्मिता, सोलापूर
दिगंबरदादा, नसीमाताई, मनापासून आभार. आम्ही संध्याकाळी ५ लाच पाण्यात जाणार होतो आणि रिंगही बॅगेत भरली होती; ती आत्ताच काढून ठेवली. संध्याकाळी मुले कोरड्या वाळूत किल्ला करतील.