एका डीएनए मॅचवर पूर्वज ठरत नाही
"डीएनए चाचणीत कुणाशी १५ सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचं एकक) जुळले, म्हणजे १७६० सालचा अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला अमुक पूर्वज पक्का" असं काहींना वाटतं. इतक्यात नाही हो! वसाहतकाळात शेजारपाजारच्या मोजक्या घराण्यांतच सोयरिकी व्हायच्या, त्यामुळे तो डीएनएचा तुकडा भलत्याच आजीकडून आलेला असू शकतो. तुमचे आणि त्या व्यक्तीचे सामाईक मॅच (दोघांशीही डीएनए जुळणारे लोक) आधी तपासा.

जनगणनेवर विसंबू नका. १८५० पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. व्हर्जिनियाच्या १७९०च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत, करयाद्यांवर भागवावं लागतं. खरा माल काउंटी (जिल्हा) कोर्टात: मृत्युपत्रं आणि खरेदीखतं. नवरा जमीन विकताना बायको आपला हक्क सोडल्याचं लिहून द्यायची, तिथे तिचं नाव सापडतं (माहेरचं आडनाव क्वचितच, हे दुखणं आहेच). थेट बाप-मुलगा अशी ओळ असेल तर वाय-डीएनए (फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएची) चाचणी करून घ्या.