मदत हवी आहे : 'सुंदर' चित्र काढणं चुकीचं आहे का?

लेक चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा आजीचं जलरंगातलं चित्र घेऊन गेली. नऊवारीच्या काठावर खिडकीतलं ऊन असं उतरलंय की हात लावून बघावंसं वाटतं. सर म्हणाले, "छान आहे, पण हे कॅलेंडर झालं." तेव्हापासून रंगपेटी उघडलेली नाही.

मला यातलं फार कळत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सा. ल. हळदणकरांची दिवा घेतलेली बाई पाहिली होती. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो तांबूस उजेड, आणि तोही जलरंगात! जागचा हललो नाही. पण अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंड्यांच्या एका कॅनव्हाससमोरही (ज्यात म्हटलं तर काहीच नाही) असाच थांबलो होतो, त्यामुळे नवं ते सगळं थोतांड असंही म्हणवत नाही. २०१५ साली त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. पण किमतीवरून काय ठरवणार?

जाणकारांनो, लेकीला काय सांगू? गायतोंडेही मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, सुरुवातीला माणसांच्या आकृत्याच काढत होते ना? मग हात पक्का होईपर्यंत हेच करू द्यावं, की आत्ताच सोडायला लावावं? आणि हळदणकरांची मूळ चित्रं मुंबई-पुण्यात कुठे बघायला मिळतील? रविवारी तिला घेऊन जाईन म्हणतो.