जुंजी इतोची ओळख अशी करून देतात का?

तिरकीरेघ
परवा इथे जपानी भयकथांच्या चित्रकथाकारावर, 'जुंजी इतो: नवख्यांसाठी' असा लेख आला. त्यात लिहिलंय: इतो मूळचा दंतवैद्य, म्हणून त्याला शरीराची चिरफाड सुचते, सुरुवात 'उझुमाकी'पासून (वेटोळ्याने झपाटलेल्या गावाची चित्रकथा) करा, वाचायचा कंटाळा असेल तर तिची ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका बघा, गोष्ट तीच. तिन्हीवर हरकत आहे.

तो दंतवैद्य नव्हे, दंततंत्रज्ञ होता. रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही, कवळ्या आणि कॅप घडवायच्या. चिरफाडीशी संबंध शून्य, बारीक हातकामाशी भरपूर. ते करतानाच त्याने 'तोमिए' ही चित्रकथा 'मंथली हॅलोविन' या मासिकाकडे पाठवली, १९८७ साली.

'उझुमाकी' १९९८-९९ मध्ये 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकात आली. पूर्वार्धातली बहुतेक प्रकरणं सुटी आहेत: केस, गोगलगाय, दीपगृह, डास. सहाशेवर पानांचा ठोकळा नवख्याच्या हातात दिला की सातव्या प्रकरणापर्यंत 'आता कशाचं वेटोळं होणार' एवढीच उत्सुकता उरते. खरं कथानक वादळानंतर, गावाचा बाहेरशी संपर्क तुटल्यावर पकड घेतं. तोवर माणूस पसार.

आधी इतोचीच अमिगाराच्या कड्याची छोटी गोष्ट द्या. भूकंपाने डोंगर उघडा पडतो, त्यात माणसांच्या आकाराची भोकं, आणि ज्याला त्याला आपलं भोक ओळखू येतं. तीसेक पानं. त्याच्याच 'ग्यो' या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली आहे. (खुद्द 'ग्यो' नंतर वाचा, किंवा नका वाचू.)

भोचकभवानी
लेख माझाच. दंततंत्रज्ञ म्हणा, काय फरक पडतो? आणि 'उझुमाकी' नको तर काय, 'तोमिए'चं पहिलं प्रकरण देऊ? त्यातले चेहरे पानागणिक बदलतात. नवखा तिथेच पुस्तक मिटेल.

तिरकीरेघ
'तोमिए' पहिली द्या असं मी कुठे म्हटलंय? वाचून भांडा की.

उमेझुवादी
इतोची ओळख आणि त्याच्या आधीच्या पिढीतल्या भयचित्रकथाकाराचं, काझुओ उमेझुचं नावही नाही! 'तोमिए'ला उल्लेखनीय ठरवणारी स्पर्धा उमेझुच्या नावाची, परीक्षकांत तो स्वतः. त्याची 'द ड्रिफ्टिंग क्लासरूम' १९७२ ते ७४ मधली. किंचाळणारं तोंड कसं काढायचं ते सगळ्यांनी त्याच्याकडून उचललं. २०२४ मध्ये तो गेला तेव्हा इथे एक धागा निघाला नाही. इतोच्या मांजरांवर मात्र निघतात.

पानउलट्या
पहिलं काय वाचायचं हे दुय्यम आहे. कशावर वाचता? जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात; छापील पुस्तकात डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक चेहरा असतो, डोळे फाटलेले, कशाकडे बघतोय ते दाखवलेलं नाही. पान उलटलं की उजव्या पानावर ते अख्खं पसरलेलं. मोबाइलवर उभं सरकवत गेलात की त्या दृश्याची वरची कडा आधीच डोकावते. भीती तिथेच संपली.

भोचकभवानी
मग एकेक पान दिसेल असं ठेवा की! उलट पुस्तकात उजवं पान वाचताना डावं डोळ्यांपुढेच असतं. फोनवर तेही झाकलेलं. म्हणजे धक्का फोनवरच जास्त.

पानउलट्या
एकेरी पानांपुरतं ठीक, घ्या. पण जोडचित्राचे, म्हणजे दोन पानांवर पसरलेल्या चित्राचे, दोन तुकडे होतात त्याचं काय? फोन आडवा करून दोन पानं शेजारी लावलीत तर आधी दिशा उजवीकडून डावीकडे करा, नाहीतर जोडचित्राचा उजवा भाग डावीकडे जातो. आणि ॲपला मुखपृष्ठ एकटं मोजायला सांगा. ते राहिलं की पुढची प्रत्येक जोडी एका पानाने सरकते. ज्या दृश्यासाठी पान उलटायचं, ते शेजारीच उघडं पडतं.

तिरकीरेघ
शिवाय रेघा. इतोचं तंत्र असं: माणसांचे चेहरे गुळगुळीत, सावली जेमतेम, जे भयंकर आहे तेवढ्यावरच हाताने ओढलेल्या रेघांचं दाट जाळं. कमी दर्जाच्या स्कॅनमध्ये ते जाळं मिसळून राखाडी डाग होतो. मग लोक म्हणतात, 'किळसवाणं आहे, पण भीती वाटली नाही.' वाटणार कशी, दिसलंच नाही.

भोचकभवानी
अहो, पुस्तक परवडत नाही म्हणून तर ॲनिमे सुचवली! काळी-पांढरी आहे, मूळ चित्रांबरहुकूम आहे.

तिरकीरेघ
पहिला भाग, हो. दुसऱ्यापासून हालचाल इतकी ढासळली की लोकांनी थट्टा केली. आणि वीस प्रकरणं चार भागांत कोंबलीत. 'उझुमाकी'तल्या शुइची या मुलाच्या आईचं प्रकरण घ्या. वेटोळ्याच्या धास्तीने ती आधी केस कापते, मग बोटांच्या टोकांवरची कातडी काढते, आणि शेवटी तिला कळतं की कानाच्या आतही शंखासारखं वेटोळं आहे. ते तिथून कसं काढणार? दोन पायऱ्यांमध्ये वाचकाला 'आता संपलं' असं वाटायला जागा हवी. ॲनिमेत तोवर दुसऱ्याच कुणाची गोष्ट सुरू झालेली असते.

उमेझुवादी
संथपणे वाढवत नेण्याची ही युक्तीही उमेझुचीच.

पानउलट्या
झालं यांचं सुरू.

भोचकभवानी
बरं, महाराज. लेखात अमिगारा वर घेते, उझुमाकी दुसरी, रोज एकच प्रकरण अशी सूचना टाकते. ॲनिमेचा पहिला भाग ठेवणार, ओरडा कितीही. आणि पानउलटे, ती मुखपृष्ठाची सोय ॲपमध्ये नेमकी कुठे असते तेही सांगा. नुसतं 'सांगा' म्हणून मोकळे झालात.

पानउलट्या
ॲपगणिक वेगळी. 'दोन पानं' निवडल्यावर त्याच्याच खाली शोधा. नसेल तर फाइलच्या सुरुवातीला एक कोरं पान घाला, जोड्या जुळतात.