मदत हवी आहे: कॅल कमांडमध्ये आठवडा सोमवारपासून कसा दाखवायचा?

मंडळी, लिनक्सच्या टर्मिनलवर (कमांड लिहायच्या खिडकीत) कॅल ही कॅलेंडर दाखवणारी कमांड टाईप केली की चालू महिना दिसतो, मायनस ३ दिलं की मागचा-पुढचा महिनापण येतो, इथपर्यंत सगळं झकास. पण मला आठवडा सोमवारपासून सुरू झालेला हवाय. जुन्या लॅपटॉपवर मायनस एम दिलं की काम व्हायचं, नव्यावर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलंय तर तीच कमांड एरर देते, बहुतेक इथे मायनस एम म्हणजे महिन्याचा नंबर मागतेय. मग एनकॅलला (कॅलसारखीच दुसरी कमांड) मायनस कॅपिटल एम देऊन बघितलं, सोमवार वर आला खरा पण वार उभे आणि तारखा आडव्या, मान वाकडी करून वाचायचं का आता? याला नेहमीसारखं आडवं करायचा ऑप्शन कुठलाय? आणि तो कायमचा सेट करायला बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंगची फाईल) एलियास म्हणजे कमांडचं टोपणनाव टाकायचं की लोकॅल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) बदलायचं? लोकॅलला हात लावायची जरा भीती वाटते, बाकीचं काही बिघडायला नको.

जाता जाता, कॅलला ९ १७५२ (सप्टेंबर १७५२) देऊन बघा, २ तारखेनंतर थेट १४ येते, मला आधी बगच वाटला होता पण तेव्हा ब्रिटनने जुनं कॅलेंडर सोडून आताचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, त्यामुळे मधल्या तारखा गाळल्या म्हणे.