तातामी गॅलॅक्सी: पुढचे भाग बघू की सोडून देऊ?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. गणपतीत घरी आली होती, जाताना माझ्या लॅपटॉपवर ‘तातामी गॅलॅक्सी’ ही जपानी अॅनिमेशन मालिका टाकून गेली. म्हणाली, "बाबा, बघाच, कॉलेजवरची आहे." तीन भाग झाले आणि माझी गाडी तिथेच अडली.

तक्रार अशी की तिन्ही भागांत गोष्ट तीच. एक पोरगा क्योटोत कॉलेजला येतो. त्याला नावसुद्धा नाही. कुठल्यातरी क्लबात नाव घालतो, तिथे ओझू नावाचा भुतासारखा दिसणारा उपद्व्यापी प्राणी भेटतो, दोन वर्षांची माती होते, पोरगा नशिबाला बोल लावतो आणि घड्याळाचे काटे उलटे फिरतात. पुढच्या भागात परत श्रीगणेशा. आधी टेनिस, मग सिनेमा, मग सायकल. मला वाटलं फाइल चुकून तीच परत लागली.

शिवाय तो इतक्या भरभर बोलतो की सबटायटल वाचू की चित्र बघू? पॉज करत करत एका भागाला पाऊण तास लागतो. हे पुढे बदलतं का? आणि यात विनोद नेमका कुठे आहे? लेक फोनवर "कुठपर्यंत आलात?" विचारते, तिला काय सांगू? ही मोठ्यांसाठीची मालिका आहे असंही कुठेतरी वाचलं. आमच्या मातोश्री हॉलमध्येच बसलेल्या असतात, म्हणून विचारतोय.

अर्धवटराव

काका, जपानी सोडा. कॉलेजवरचं कार्टूनच बघायचं तर ‘अंडरग्रॅड्स’ बघा. २००१ची, एमटीव्हीवरची. शाळेतले चार जिवलग मित्र चार वेगवेगळ्या कॉलेजांत जातात आणि तरी एकमेकांना सोडत नाहीत, एवढंच कथानक. पीट विल्यम्स नावाच्या पोराने ती निर्माण केली आणि चौघांचे आवाजही त्यानेच काढले. १३ भाग झाले आणि गोष्ट ऐन मोक्यावर लटकवून बंद पडली. तेव्हापासून आम्ही लटकलोय.

तिची जुळी बहीण म्हणावी अशी ‘क्लोन हाय’. पण ती शाळेवरची. इतिहासातल्या थोरामोठ्यांचे क्लोन एका वर्गात. त्यात गांधीजींचं पात्र उडाणटप्पू दाखवलं म्हणून २००३ मध्ये आपल्याकडे निदर्शनं झाली होती. तीही १३ भागांत आटोपली. २०२३ मध्ये परत आणली तेव्हा गांधींना बर्फात गोठलेलंच ठेवलं, बाहेर काढलंच नाही!

दुभाषीबाई

अर्धवटराव, धाग्याचा विषय भरकटवू नका. त्यांना तातामीबद्दल विचारायचंय.

गोदाकाठ, सोडू नका. सगळे इथेच सोडतात, तिसऱ्या-चौथ्या भागाला. तुम्हाला फाइल परत लागल्यासारखं वाटलं ना? विनोद तिथेच आहे. पोरगा दर वेळी छाती बडवून सांगतो की मी योग्य क्लब निवडला असता तर माझं कॉलेजजीवन गुलाबी झालं असतं, हा ओझू भेटला नसता, काळ्या केसांची एखादी मुलगी भेटली असती. मालिका म्हणते, बरं बाबा, घे दुसरा क्लब. घे तिसरा. ओझू प्रत्येक ठिकाणी आधीच हजर. काळ्या केसांची आकाशीही प्रत्येक ठिकाणी हजर, फक्त हा पठ्ठ्या तिच्याकडे बघत नाही. मला तर हसून हसून राग येतो त्याचा.

आता माझं ऐकाल तर चौथ्या भागापासून गोष्टीकडे बघूच नका, काय बदलत नाही ते बघा. किंवा काय अगदी थोडं बदलतं ते. ती ज्योतिषीण म्हातारी घ्या. सल्ला तोच देते, संधी तुझ्या डोळ्यांसमोर लटकते आहे म्हणते, पण दक्षिणा दर खेपेला हजार येनने वाढते. पोराला मागचं काही आठवत नाही, म्हातारीचा हिशोब मात्र चालू! आणि डोळ्यांसमोर लटकणारी वस्तू खरोखरच लटकत असते. खोलीतल्या दिव्याच्या दोरीला. आकाशीचं हरवलेलं छोटं कापडी अस्वल. दर भागात आहे, तुम्ही सबटायटल वाचत होतात म्हणून निसटलं असणार. परत मागे जाऊन बघा.

दुसरं, एका भागात जे उगीच घडल्यासारखं वाटतं त्याचं कारण भलत्याच भागात कळतं. कोण कोणाचा सूड घेतंय, ओझू मधेच कुठे गायब होतो, हे सगळं पलीकडच्या क्लबात घडत असतं. तोमिहिको मोरिमीच्या मूळ कादंबरीत चारच समांतर गोष्टी आहेत. टीव्हीसाठी त्या फोडून ११ भाग केले. पटकथा माकोतो उएदाची, आणि हा माणूस नाटकवाला आहे, क्योटोतच त्याची नाटकमंडळी आहे. ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीत एकच एंट्री रात्री अकरापर्यंत घेतली आहे त्यांना ही मालिका लगेच कळते: एंट्री तीच, वाक्य तेच, आणि एखाद्या वेळी एक पात्र अर्धा सेकंद आधी वळतं नि सगळा प्रसंग वेगळा होतो.

वेगाबद्दल. मी चाकणला एका कारखान्यात जपानी दुभाषी आहे. दिवसभर साहेब आणि आपले सुपरवायझर यांच्या मधे उभी. माझे साहेब "जरा अवघड दिसतंय" एवढं बोलून थांबतात, आणि त्याचा अर्थ मशीनची डाय (साचा) बदलावी लागणार, रविवारी यावं लागणार, हे मी ओळखायचं असतं. अशी गिळलेली वाक्यं ऐकून घरी यावं आणि हा पोरगा लावावा! मनातलं एक अक्षर आत ठेवत नाही. तेही कसं, जुन्या कादंबरीतल्या अलंकारिक, पल्लेदार भाषेत, शिंकण्याचंसुद्धा तत्त्वज्ञान. शिंतारो आसानुमा या नटाने हे एका श्वासात म्हटल्यासारखं म्हटलंय. मीसुद्धा सगळं पकडत नाही आणि पकडायचंही नसतं. तो बडबडतोय आणि त्याच वेळी चित्रात त्याची फजिती होते आहे, एवढं दिसलं की पुरे. फारच झालं तर वेग पाऊणपट करा, पण पॉज करू नका. पॉज केलंत की विनोद मेला.

चित्रं आवडली नाहीत का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. दिग्दर्शक मासाआकी युआसा. सपाट रंग, कागद कापल्यासारखी माणसं आणि मधेच खऱ्या क्योटोचे रंगवलेले फोटो. २०१० मध्ये जपानच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात अॅनिमेशनचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तोवर ते टीव्ही मालिकेला मिळालेलं नव्हतं.

दहावा भाग चुकवू नका. त्यात तो कुठल्याच क्लबात जात नाही, खोलीत बसतो. पुढचं सांगत नाही.

सायकलवाला

दुभाषीबाईंना +१. मी क्योटोत शिकायला होतो, म्हणून थोडी भर.

पोरगा राहतो ती साडेचार तातामींची, म्हणजे जपानी चटयांची, खोली म्हणजे किती? चार चटया कडेने फिरवून लावायच्या आणि मधे उरलेल्या चौकोनात अर्धी. क्योटोकडची चटई जरा मोठी, सुमारे १९१ सेंटिमीटर लांब आणि त्याच्या निम्मी रुंद. हिशोब केलात तर खोली साधारण साडेनऊ फूट बाय साडेनऊ फूट. म्हणजे आपली दहा बाय दहाच की! आपल्याकडे त्यात कुटुंब राहतं, हा एकटा राहून रडतो. (हलके घ्या.)

त्याचं वसतिगृह काल्पनिक आहे, पण तसली पडकी लाकडी इमारत बघायची असेल तर क्योटो विद्यापीठाचं योशिदा वसतिगृह आहे, १९१३चं. कारभार विद्यार्थीच बघतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा व्हरांड्यात सायकली, पुस्तकांचे गठ्ठे, एक तुटका सोफा, आणि अंगणात कोंबड्या. मला वाटलं इथे कोणी राहत नसेल. तेवढ्यात आतून कोणीतरी गिटार घेऊन बाहेर आलं. हे विद्यापीठ आधीच विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध. पदवीदान समारंभाला पोरं सोंगं घेऊन येतात. मोरिमी स्वतः तिथलाच, शेतकी विभागातला. त्यामुळे मालिकेतल्या हिगुचीसारखा वर्षानुवर्षं पास न होणारा, किमोनोत फिरणारा ‘गुरू’ त्याने हवेतून काढला असेल असं मला वाटत नाही.

आणि मालिकेत एक पूल सारखा सारखा दिसतो ना, तो कामो ओहाशी. त्याच्या वरच्या अंगाला दोन नद्या मिळतात, कामो आणि ताकानो. मधल्या त्रिकोणावर संध्याकाळी निम्मं विद्यापीठ बसलेलं असतं. नदीत ओलांडायला दगड टाकलेत, काही कासवाच्या आकाराचे. उन्हाळ्यात पोरं त्यावरून उड्या मारतात, म्हातारे कठड्याला टेकून बघतात. मालिकेत हे सगळं जागच्या जागी आहे. मी परत आल्यावर पहिल्यांदा बघितली आणि कथा सोडून रस्तेच ओळखत बसलो.

ओझूला भूत म्हणू नका मात्र. पोरगा त्याला तसा बघतो म्हणून तो तसा काढलाय. यापुढे बोललो तर दुभाषीबाई मारतील.

दुभाषीबाई

मारेनच. एवढंसुद्धा सांगायला नको होतं.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. अस्वल सापडलं! पहिल्या भागात आहे, दुसऱ्यातही आहे, चक्क नाकासमोर. चौथा भाग पॉज न करता बघितला. निम्मा कळला नाही, पण त्या हिगुची गुरूचं शिष्यत्व म्हणजे काय प्रकार आहे ते बघून हसू आलं. असा एक गुरू आमच्याही होस्टेलवर होता, मेस सेक्रेटरीचा कर्दनकाळ. पंधरा वर्षांनी भेटला तर बँकेत मॅनेजर.

लेकीला सांगितलं, चौथा झाला. ती म्हणाली, "मग तुम्ही कुठला क्लब घेतला असतात?" मी म्हटलं, आमच्या वेळी क्लब नव्हते, एनसीसी होती. तिने नाटकात नाव दिलंय हे तिने तेव्हा सांगितलं. आईला अजून माहीत नाही, म्हणजे तिच्या आईला.

माझ्या मातोश्रींचं काय ते कोणीच सांगितलं नाही.

अर्धवटराव

काका, तुम्ही ‘अंडरग्रॅड्स’ बघणार नाही हे कळलं. निदान हे संपल्यावर ‘तातामी टाइम मशीन ब्लूज’ बघा. तीच पात्रं, २०२२ची, डिस्ने प्लसवर आली. एसीच्या रिमोटवर कोक सांडतो, रिमोट बाद होतो, आणि वसतिगृहात टाइम मशीन सापडल्यावर ही मंडळी काय करतात, तर कालचा रिमोट आणायला जातात. क्योटोचा उन्हाळा सायकलवाल्याला विचारा.

दुभाषीबाई

अर्धवटराव, शेवटी एकदाचं कामाचं बोललात.

गोदाकाठ, मातोश्रींचं राहूनच गेलं. पाचव्यापर्यंत खुशाल बघा, फार तर "हा पोरगा एवढा का ओरडतो?" विचारतील. सहा ते आठ जपून. तिन्ही भाग एकाच कालावधीतले आहेत, तीन स्त्रियांपैकी कोण हे ठरवायचं असतं. एक दातांच्या दवाखान्यातली हानुकी, ती दारू चढली की लोकांचे चेहरे चाटते. एक पत्रमैत्रीण. आणि तिसरी काओरी. काओरी माणूस नाही, बाहुली आहे, आणि कशासाठीची ते मी इथे लिहीत नाही. शिवाय पोराच्या वासनेचं पात्र काउबॉय होऊन पडद्यावर येतं आणि त्याच्याशी हुज्जत घालतं. उघडंवाघडं फारसं काही नाही, पण मातोश्रींनी "ती मुलगी हलत का नाही?" असं विचारलं तर तुमची पंचाईत.

गोदाकाठ

कळलं. मातोश्री गुरुवारी भजनी मंडळाला जातात, सहा ते आठ तेव्हाच उरकतो.