लेकीने फॉर्मवर फक्त 'ब्लॅक'वर टिक केलं, मी कुठे चुकतेय का?

रानजाई:
आम्ही मेरीलँडला असतो. मी मूळची साताऱ्याची, नवरा आफ्रिकन अमेरिकन, बाल्टिमोरचा. लेक १७ वर्षांची, सध्या कॉलेजचे फॉर्म भरणं चालू आहे. परवा तिच्या शेजारीच बसले होते, तर वंशाच्या रकान्यात तिने फक्त ब्लॅकवर टिक केलं आणि पुढे गेली. मी म्हटलं अगं एशियनवर पण कर ना, दोन्ही चालतं. तर शांतपणे म्हणाली, "माहितेय आई, पण मी ब्लॅक आहे."
गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी दर दोन महिन्यांनी रिलॅक्सर लावून केस सरळ करून घ्यायची, टाळूची आग आग झाली तरी बसून राहायची. मार्चमध्ये ते बंद केलं, सरळ झालेले सगळे केस कापून टाकले, आता दोन इंच दाट कुरळे केस आहेत आणि मान ताठ करून फिरते. इतकी छान दिसते! पण व्हिडिओ कॉलवर माझी आई म्हणाली, "अगं बाई, केस कुठे गेले? तरी बरं, काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे." लेकीला मराठी कळतं. मी गप्प बसले, तेच मला खातंय. तिचा अभिमान बघून आनंद पण होतो आणि पोटात तुटतं पण, त्या टिकमध्ये मी कुठे आहे? अशा घरातलं कोणी असेल तर प्लीज लिहा.

पायवाट:
आधी आजीला फोन करा, आणि लेकीला ऐकू जाईल असा करा. बाकीचं नंतर.
मी अटलांटाला असते, दोन मुली. मोठीच्या केसांना मी कित्येक वर्षं आपल्यासारखं खोबरेल थापून, कोरडेच विंचरून, आवळून दोन वेण्या घालायचे, ती रडायची आणि मला वाटायचं केसच हट्टी आहेत. नणंदेने दाखवलं, की केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर, मोठ्या दातांची फणी, आणि टोकापासून सुरू करून मुळाकडे यायचं. रात्री सॅटिनची टोपी. रविवारचे तीन तास जातात पण त्या तीन तासांत पोरी जेवढं बोलतात तेवढं आठवडाभर बोलत नाहीत.
आणि हा नुसता फॅशनचा विषय नाहीये हो. डिसेंबर २०१८ मध्ये न्यू जर्सीत शाळेतल्या एका कुस्ती खेळणाऱ्या मुलाला मॅच खेळायची तर ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारखे वळलेले केस, काप म्हणून सांगितलं आणि तिथेच सगळ्यांसमोर कापले, आठवतंय? असले प्रकार थांबवायलाच क्राउन कायदा आला, केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा, पहिला कॅलिफोर्नियात २०१९ ला, न्यू जर्सीत त्याच वर्षाअखेर, तुमच्या मेरीलँडला २०२० ला. स्वतःचे केस जसे उगवतात तसे ठेवायला कायदा लागतो, बघा म्हणजे.

कोकणकडा७:
माझं मत वेगळं आहे. अमेरिकेच्या जनगणनेत २००० पासून एकापेक्षा जास्त वंश निवडता येतात, मग अर्धी बाजू का सोडायची? आणि काळ्या रंगाचं आपल्याला काय वावडं, आपला विठोबा सावळाच आहे. तू सावळी आहेस, सुंदर आहेस असं सांगा तिला.

दोन्हीकडची:
माझं मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. वय २६, बाबा पुण्याचे, आई ब्लॅक. @कोकणकडा७ काका, माझे बाबा अगदी हेच म्हणायचे, तू कुठे ब्लॅक, तू तर सावळी. प्रेमानेच म्हणायचे. पण मला त्यातून काय ऐकू यायचं, की ब्लॅक असणं वाईट असतं आणि मला त्यातून सूट मिळालीये. सावळी हा रंग झाला. ब्लॅक म्हणजे माझी आजी, तिचं चर्च, तिने मला शिकवलेलं सगळं, आणि दुकानात माझ्या मागे मागे फिरणारा गार्ड पण, तो विचारत नाही बाकीची अर्धी कोण म्हणून.
मी हॉवर्डला शिकले, वॉशिंग्टनमध्ये, १८६७ ची युनिव्हर्सिटी, तिथे बहुतेक सगळे ब्लॅकच असतात. शाळेत मी कायम 'वर्गातली ती ब्लॅक मुलगी' होते. तिथे पहिल्यांदा मी नुसती मागच्या बाकावरची, केमिस्ट्रीत कच्ची मुलगी झाले. किती हलकं वाटलं ते मला सांगता येत नाही, अजून डोळ्यात पाणी येतं.
रानजाई मावशी, ओबामांची आई गोरी, कॅन्ससची, तरी २०१० च्या जनगणनेत त्यांनी एकच टिक केलं होतं. आई कुठे जात नाही हो. मी घरी गेले की बाबांकडून केसांना तेल लावून घेतेच.

वऱ्हाडी_पाहुणा:
जय भीम. ताई, तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून एक सांगावंसं वाटतं. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यातलं, आणि त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. पुढे १९७२ ला मुंबईत पोरांनी संघटना काढली तिचं नाव दलित पँथर, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. म्हणजे तुमच्या लेकीच्या बापाकडच्या लोकांचा आणि आपला धागा दीडशे वर्षांचा आहे. आणि दुसऱ्यांनी हिणवायला वापरलेला शब्द स्वतः उचलून छातीवर लावणं काय असतं हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिला हे सांगा, तिला आवडेल.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. @दोन्हीकडची, तुझी पोस्ट मी नवऱ्याला इंग्रजीत सांगताना दोनदा थांबले.
काल आईला फोन केला, स्पीकरवर, लेक स्वयंपाकघरातच होती. म्हटलं, आई, 'असली तरी' म्हणायचं नाही, ती काळी आहे आणि सुंदर आहे. आई जरा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मला मेलीला जुनी सवय गं, दे तिला फोन." काय बोलल्या ते मी मुद्दाम ऐकलं नाही.
आज रविवार. फणी घेऊन मी मागे बसले, टोकापासून सुरू केलं, आणि फुल्यांचं सांगितलं. तिने मान मागे वळवून विचारलं, "एटीन सेव्हंटी थ्री? खरंच?" आणि मग कंडिशनरची बाटली माझ्या हातात देत म्हणाली, "परत सांग, पहिल्यापासून."